फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप: "अमेरिकाच का?" या प्रश्नाला प्रपोजलमध्ये काय लिहू?

बालाघाटची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी इतिहासात पीएचडी करतेय, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात, दुसरं वर्ष संपत आलंय. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) आहे त्यामुळे पैशाचं सध्या तरी निभतंय. विषय १९७२ चा दुष्काळ, त्यातही माणसांनी तेव्हा खाल्लं काय आणि ते आलं कुठून एवढंच बघतेय, म्हणजे रेशनवरची मिलो (बाहेरून आलेली तांबडी ज्वारी), कामावर वाटायचे ती सुकडी, शाळेतलं दूध वगैरे. आमचं गाव आष्टी तालुक्यात. आजी तेव्हा पंचविशीची होती, पाझर तलावाच्या कामावर खडी-माती वाहायला जायची, ती अजून सांगते की मिलोची भाकरी थापायला घेतली की काठाला चिरायची आणि तांबडा रंग बघून पोरं तोंड फिरवायची. तिच्यासारख्या ४० बायकांच्या मुलाखती मी घेतल्यात, आष्टी, पाटोदा, जामखेड, कर्जत या भागातल्या, सगळ्या रेकॉर्ड केलेल्या आहेत.

आता सर म्हणताहेत की फुलब्राइट-नेहरूचा डॉक्टरल रिसर्चचा फॉर्म भर, ६ ते ९ महिने तिकडे राहून काम करता येतं, पीएचडी इथलीच राहते. माहिती वाचली, यूएसआयईएफची (ही फेलोशिप चालवणाऱ्या संस्थेची) साइट दोनदा पूर्ण वाचून काढली, पण लिहायला बसले की हात थांबतो. आमच्या विभागातून आजवर कुणी हा फॉर्म भरलेला नाही त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे. जे लिहिलंय त्याचा सुरुवातीचा भाग इथे मराठीत करून टाकते, कृपा करून मोकळेपणाने सांगा.

"माझा जन्म दुष्काळी भागात झाला. लहानपणापासून मला इतिहासाची आवड होती. १९७२ च्या भीषण दुष्काळात अमेरिकेने पीएल-४८० योजनेखाली मिलो पाठवून महाराष्ट्राला जगवले. या मैत्रीचा अभ्यास अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात करण्याची संधी मिळाल्यास माझ्या संशोधनाला जागतिक परिमाण लाभेल आणि तेथील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने..."

याच्या पुढे असंच दोन पानं आहे. वाचताना मलाच ते माझं वाटत नाही. अमेरिकाच का याचं खरं उत्तर काय द्यायचं? आणि तिकडच्या प्रोफेसरचं पत्र कसं मिळवायचं, मी कुणालाच ओळखत नाही.

कागद_शोधणारा

ताई, मी काही वर्षांपूर्वी याच फेलोशिपवर जाऊन आलोय, विषय वेगळा होता पण बसायचो ती जागा तुमच्या कामाची आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगतो की तुमचा विषय फार मजबूत आहे, ४० मुलाखती हातात असलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही, आणि वर टाकलेल्या परिच्छेदात त्या ४० बायकांचा एका शब्दाने उल्लेख नाहीये. जन्म, आवड, जागतिक परिमाण, नामांकित विद्यापीठ, हे सगळं काढून टाका. ही वाक्यं कुठल्याही विषयाच्या कुठल्याही अर्जात बसतात, वाचणाऱ्याच्या हाताखालून त्या दिवशी असे ढीगभर अर्ज गेलेले असतात. त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की हिला काय शोधायचंय, त्यातलं काय इथे मिळत नाही आणि तिकडे नेमकं कुठे आहे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आणि थोडी कडू आहे. १९७२ ची मिलो पीएल-४८० ची हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, माझे वडीलही म्हणायचे, पण ते तसं लिहू नका. हा अमेरिकेचा अन्नमदतीचा कायदा १९५४ चा, आपल्याशी पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला, पैसे रुपयांत फेडायचे अशी ती सवलत होती. १९६५ ते ६७ च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडायला सुरुवात केली, आपल्या सरकारला ते फार लागलं, आणि १९७१ संपताना ही सवलतीची आयात आपण थांबवली. म्हणजे ७२-७३ ला बाहेरून आलेलं धान्य बाजारात विकत घेतलेलं. आणि त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला, जगभर भाव चढले, अशा वेळी आपण खरेदीला उतरलो होतो. मिलो हे तिकडे मुख्यतः जनावरांचं खाद्य, हे तुम्हाला माहीत असेलच. आता बघा, "अमेरिकेने मैत्रीखातर पाठवली" यापेक्षा "चढ्या बाजारात आपण काय विकत घेऊ शकलो आणि ते आष्टीच्या तव्यावर कसं पोचलं" हा प्रश्न किती मोठा आहे.

त्यात पुन्हा एक गुंता आहे. सवलतीचा भाग बंद झाला तरी त्याच कायद्यातला देणगीचा भाग, टायटल टू म्हणतात तो, संस्थांमार्फत चालूच होता, केअर वगैरे. म्हणजे एकाच गावात एकाच वर्षी विकत घेतलेली मिलो रेशन दुकानात आणि देणगीचं अन्न शाळेत असं दोन्ही असू शकतं, आणि लोकांच्या आठवणीत दोन्ही मिळून "अमेरिकेचं" झालंय. हे वेगळं करून दाखवणं हाच तुमचा प्रबंध आहे असं मला वाटतं. एक सोपी खूण सांगतो, देणगीच्या पोत्यांवर आणि डब्यांवर हस्तांदोलनाचं, दोन हातांचं चित्र असायचं. तुमच्या मुलाखतींत पोत्याबद्दल कुणी काही बोललंय का ते परत ऐका.

आता अमेरिकाच का. मेरीलँड राज्यात कॉलेज पार्कला तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची मोठी इमारत आहे, मेरीलँड विद्यापीठाच्या अगदी जवळ. परराष्ट्र खात्याचे कागद तिथे रेकॉर्ड ग्रुप (कागदांचा क्रमांक दिलेला गट) ५९ मध्ये, परदेशी मदत बघणाऱ्या यूएसएडचे २८६ मध्ये, वकिलाती आणि कॉन्सुलेटचे ८४ मध्ये. मुंबईला त्यांचं कॉन्सुलेट होतंच, त्यामुळे महाराष्ट्राबद्दल ते वर काय कळवत होते हे बघायची जागा तीच. आणि खरी गंमत पुढे आहे, परराष्ट्र खात्याच्या तारा (टेलिग्राम) ऑनलाइन शोधता येतात पण त्या १ जुलै १९७३ पासूनच्या. तुमचा दुष्काळ कधी संपला? ७३ च्या पावसाने. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते जवळपास सगळं त्या तारखेच्या आधीचं, कागदावर, खोक्यांत. घरी बसून ते मिळत नाही आणि हे तुम्ही एका वाक्यात सिद्ध करू शकता. मला माझ्या अर्जात एवढं स्पष्ट कारण मिळालं असतं तर बरं झालं असतं.

वॉशिंग्टनला जागतिक बँकेचं अभिलेखागार आहे, तिथून तासाभराच्या अंतरावर. वुल्फ लाडेजिन्स्की हे शेतीचे जाणकार त्या वेळी बँकेच्या वतीने दिल्लीत होते आणि ते दुष्काळात महाराष्ट्रात फिरले, त्यावर त्यांनी लिहिलंही. ही दुसरी जागा झाली. याहून जास्त जागा घालू नका, नऊ महिन्यांत पाच शहरं लिहिली की वाचणाऱ्याला कळतं की हिने हिशोब केलेला नाही.

पण त्याआधी इथलं काय काय संपवलंय ते लिहावंच लागेल. मुंबईचं राज्य अभिलेखागार, विधानमंडळाच्या चर्चा, पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, ७३ ची वर्तमानपत्रं. तुम्ही यातलं काय बघितलंय ते आधी, आणि मग "इथवर आले, पुढचा धागा तिकडे जातो" असं. इथलं न बघता तिकडे जायचंय असा वास आला तर अर्ज तिथेच पडतो.

ग्रंथपाल_परगावी

मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, दक्षिण आशिया विभागातच. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय कारण पीएल-४८० चा आमच्याकडचा भाग फार लोकांना माहीत नसतो.

गव्हाचे जे रुपये भारतात साठले होते ते भारतातच खर्च करायचे होते, मग १९५८ साली कायद्यात बदल करून ते पैसे पुस्तकं घ्यायला वापरायची सोय झाली आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसमार्फत भारतात छापलेली पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल असं सगळं खरेदी होऊन इथल्या ग्रंथालयांना जायला लागलं. मराठीसुद्धा. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी त्या काळातलं मराठी जे सापडतं ते बरंचसं असं आलेलं आहे. आमच्याकडे काही जुन्या पुस्तकांच्या नोंदीत अजून पीएल-४८० असं लिहिलेलं आहे, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किती वेळ ते पुस्तक हातात धरून उभी होते, आईने मिलो खाल्लेली होती ना.

तर बालाघाटची_लेक, महाराष्ट्र शासनाचे सत्तरच्या दशकातले अहवाल, जे जिल्ह्याच्या ठिकाणी शोधूनही मिळत नाहीत, ते इथे एखाद्या कपाटात नीट बांधून ठेवलेले असण्याची चांगली शक्यता आहे. वर्ल्डकॅटवर (जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित कॅटलॉगवर) आत्ताच शोध, घरूनच, फुकट आहे. रोमन लिपीत शोधावं लागतं आणि स्पेलिंग विचित्र असतात, म्हणून "दुष्काळ" तीन-चार प्रकारे टाकून बघ. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजकडे भारतीय वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत तेही बघ. यासाठी तिथे महिने काढायची गरज नाही, पंधरा दिवसांत होतं, काही गोष्टी एका ग्रंथालयातून दुसऱ्यात मागवताही येतात. पण प्रपोजलमध्ये "अमुक अहवाल तमुक ठिकाणी आहे, मी कॅटलॉगमध्ये पाहिला" असं लिहिता आलं पाहिजे.

प्रोफेसरांना ईमेल करायचं म्हणशील तर भिऊ नकोस. ओळख लागत नाही. फक्त "मला तुमच्या हाताखाली काम करायला आवडेल" एवढंच लिहिलेली शंभर ईमेल त्यांना येतात आणि त्यांना उत्तर जात नाही. तू पहिल्याच ओळीत लिही की माझ्याकडे १९७२ च्या दुष्काळाच्या ४० मुलाखती आहेत, मराठीत, बायकांच्या, आणि मला रेकॉर्ड ग्रुप २८६ मधले ७२-७३ चे कागद बघायचेत. दहा-बारा ओळी, एक पान जोडपत्र, बास. अन्नमदतीचा इतिहास, शीतयुद्धातला विकास, शेतीचा इतिहास यावर काम करणारे शोध, दक्षिण आशियावालेच हवेत असं नाही, उलट ज्याला अमेरिकी बाजू माहीत आहे पण मराठी येत नाही त्याला तुझी जास्त गरज आहे. आणि वेळ सांभाळ, इथे मेच्या मध्यानंतर लोक पांगतात, बऱ्याच जणांची नेमणूक नऊ महिन्यांची असते, जूनमध्ये पाठवलेल्या ईमेलला ऑगस्टशिवाय उत्तर नाही. तुमची मुदत साधारण जुलैच्या मध्यावर असते ना? म्हणजे मार्च-एप्रिल. अभिलेखागारातल्या आर्काइव्हिस्टलाही लिही, ते लोक मनापासून उत्तर देतात, कधी कधी खोक्यांचे नंबरसुद्धा पाठवतात.

बालाघाटची_लेक

दादा, ताई, काय बोलू. दोन दिवस नुसती वाचतेय. पीएल-४८० चं वाचून आधी एकदम पोटात गोळा आला कारण माझ्या सिनॉप्सिसमध्येही तेच लिहिलंय आणि तो मंजूर झालाय, कुणीच काही म्हणालं नाही. आता ते दुरुस्त करून घेईन. १ जुलै ७३ ची गोष्ट तर मला स्वप्नातही सुचली नसती.

दोन अडचणी आणखी सांगते. एक म्हणजे विद्यापीठाचं सहमतीपत्र लागतं, ते सहीसाठी विभागातून वर गेलंय ते महिना झाला खाली आलेलं नाही, गेलं की सांगतात साहेब मीटिंगला गेलेत. आणि शिफारसपत्रं तीन लागतात त्यातलं एक गाइडचं, तर सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. सर वाईट नाहीत, माझ्यासाठी खूप केलंय त्यांनी, पण त्यांच्याकडे आठ विद्यार्थी आहेत आणि इंग्रजीत असं पत्र त्यांनीही कधी लिहिलेलं नाही. दुसरं माझं इंग्रजी. वाचते सगळं, लिहितेही, पण बोलताना शब्द अडतात. झेडपीच्या शाळेत शिकले, कॉलेजही मराठीतून. मुलाखतीला बसले आणि अडखळले तर?

मराठीमाध्यम_कोल्हापूर

मी पण झेडपीच. आणि मला पहिल्या वर्षी नकार आला होता, दुसऱ्या वर्षी झालं, म्हणून नकाराचं कारण काय होतं ते सांगतो म्हणजे तुमचं वर्ष वाचेल.

माझी तिन्ही पत्रं मीच लिहिली होती. तीन सरांच्या सह्या, तीन लेटरहेड, भाषा एक. आता परत वाचली की लाज वाटते, "हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" तिन्हीत आहे. आणि स्टेटमेंटपण माझंच असल्यामुळे त्यातली वाक्यरचनाही तीच, वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर कळणार. दुसऱ्या वर्षी मी गाइडना पत्र लिहून नेलंच नाही, त्याऐवजी दोन पानांची टिपणं नेली, मराठीत, की सर अमुक महिन्यात मी हे प्रकरण दिलं तेव्हा तुम्ही असं म्हणाला होता, मग मी हे बदललं, फील्डवर आपण दोघं गेलो तेव्हा असं झालं, बाहेरच्या सेमिनारला पेपर वाचला त्यावर हा आक्षेप आला. सर ते वाचत बसले आणि मग स्वतःच बोलायला लागले, मी म्हणालो सर हेच लिहा ना, मराठीत सांगा, मी टाइप करतो, भाषांतर कुणा तिसऱ्याकडून करून घेऊ. जे पत्र झालं ते साधं होतं पण त्यात मी होतो. तुमच्या सरांनी तुमच्यासाठी एवढं केलंय तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असणार, फक्त त्यांना बसवून बोलतं करा. बाकी दोन पत्रं अशा माणसांची घ्या जी वेगळं काही सांगू शकतील, एक एमएला शिकवलेल्यांचं आणि एक विद्यापीठाबाहेरच्या कुणाचं ज्यांनी तुमचं लिखाण वाचलंय. पदाने मोठा माणूस शोधू नका, ज्याने तुम्हाला दोनदाच बघितलंय अशा मोठ्या माणसाचं पत्र चार ओळींचं येतं.

सहीचं म्हणाल तर अर्ज आवक-जावकला नोंदवलाय का? नसेल तर पुन्हा द्या आणि आवक नंबर घ्या, नंबर असला की विचारता येतं. सोबत फेलोशिपची जाहिरात, मुदतीची तारीख मार्करने ठळक करून, आणि पत्राचा ठरलेला नमुना टायपून द्या म्हणजे टिपणी लिहिणाऱ्या क्लार्कचं काम हलकं होतं. सही चालू शकणारे अधिकारी एकापेक्षा जास्त असतील तर सूचनेत बघून घ्या. हे जूनवर ढकलू नका, जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की तुमच्या कागदाकडे बघायला कुणालाच सवड नसते. जेआरएफ चालू आहे तर एवढे महिने बाहेर राहायची परवानगी आणि त्या काळातल्या पैशाचं काय हेही लेखी विचारून ठेवा, परत आल्यावर वाद नको.

इंग्रजीबद्दल मनापासून सांगतो, उच्चारावर कुणी अडवत नाही. समोर वेगवेगळ्या विषयांचे लोक असतात, त्यांना तुमचा विषय माहीत नसतो, त्यांना समजलं पाहिजे एवढंच. मी काय केलं, रोज रात्री मोबाइलवर दोन मिनिटं माझा विषय इंग्रजीत रेकॉर्ड करायचो आणि सकाळी ऐकायचो. पहिले आठ दिवस ऐकवत नव्हतं. महिन्याभराने लक्षात आलं की छोटी वाक्यं केली की अडखळणं आपोआप कमी होतं, मोठं वाक्य सुरू केलं की शेवटाला पोचेपर्यंत क्रियापद हरवायचं. आणि आमच्या केमिस्ट्रीवाल्या रूममेटला रोज समजावून सांगायचो, त्याला कंटाळा आला की समजायचं अजून नीट झालेलं नाही.

एक राहिलं. या फेलोशिपवर जे-१ व्हिसा असतो, त्यात परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, त्याआधी तिकडचा नोकरीचा एच व्हिसा किंवा ग्रीनकार्ड मिळत नाही. तुम्हाला परत यायचंच आहे तर अडचण नाही, पण घरी आधीच सांगून ठेवा, मला लग्नाच्या बोलण्यात फार जणांनी उलटसुलट विचारलं.

निवृत्त_महसूल

मी सहसा इथे लिहीत नाही, नातवाच्या मोबाइलवर वाचतो. १९७३ ला मी नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर मस्टर कारकून होतो, वय एकवीस, नुकताच चिकटलेलो. नंतर महसुलातूनच निवृत्त झालो.

बाळ, तुझी आजी पाझर तलावावर होती म्हणतेस, तर सांगतो, एकेका कामावर हजारो माणसं असायची. मे महिन्यात राज्यभर मिळून पन्नास लाखांच्या जवळपास माणसं कामावर होती असं पुढे वाचण्यात आलं, तेव्हा आम्हाला एवढंच दिसायचं की सकाळी नजर पोचेल तिथवर घमेली आणि डोकी. मोजमापावर मजुरी, खड्डा मोजायचा, टेप धरायला मीच असायचो. मोजणीच्या दिवशी बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या. कमी भरलं तर पगार कमी, आणि मला ते लिहावंच लागायचं. त्यातले काही चेहरे अजून आठवतात. सुकडी वाटपाची यादी वेगळी असायची, त्यावर अंगठे.

तुला त्या मस्टरांसाठी तहसीलला जायचं असेल तर जा, पण मनाची तयारी ठेव. अभिलेख कक्षात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते, फक्त अ वर्गाचा कागद कायम ठेवतात, बाकीच्यांची मुदत संपली की नष्ट करतात. मस्टरं, वाटपाच्या याद्या, गाड्यांच्या नोंदी हे कायम ठेवायचे कागद नव्हेत. मी स्वतः नोकरीत असताना असे गठ्ठे यादी करून नष्ट केलेत, नियमाप्रमाणेच, तेव्हा काही वाटलं नाही. तुझं वाचून आता वाटतंय.

तरी तहसीलला, बांधकाम खात्याच्या आणि पाटबंधाऱ्याच्या उपविभागाला लेखी अर्ज दे. कागद नष्ट झाले असतील तर नष्ट केल्याच्या यादीची नक्कल मागून घे. इथला कागद राहिलेला नाही याचाही पुरावा तुझ्या अर्जात लागेल ना? तुला माझ्याशी बोलायचं असेल तर या साइटवरून निरोप दे. सुकडीची गाडी कुठून यायची, कोण उतरवून घ्यायचं, पोती मोजताना काय भांडणं व्हायची, जेवढं आठवतं तेवढं सांगेन. बायकांच्या मुलाखती घेतल्यास तशी कारकुनांचीही घे. आम्ही फार थोडे उरलोत.

कागद_शोधणारा

काका, तुमच्या पोस्टनंतर मी काही लिहावं असं राहिलेलं नाही. ताई, यांना उद्याच निरोप करा, फॉर्म नंतर.

फक्त एक सावधगिरी. इथली मस्टरं नष्ट झाली म्हणून ती तिकडे मिळतील असं कुठेही ध्वनित होऊ देऊ नका. कॉलेज पार्कला आष्टीची मस्टरं नाहीत. तिकडे धान्य कोणत्या भावाने, कोणत्या अटीवर, कोणाच्या निर्णयाने निघालं ते आहे, इथे ते कुणी शिजवलं ते आहे, आणि मधला वाटपाचा दुवा तुटलेला आहे, तो काकांसारख्यांच्या बोलण्यातून आणि हाताला लागेल त्या कागदातून जोडायचा. हे असंच्या असं लिहा. मुलाखतीत मला विचारलं होतं की तिकडे काहीच सापडलं नाही तर काय कराल, आणि माझी तयारी नव्हती. तुमचं उत्तर तयार ठेवा. कॉन्सुलेटच्या रिपोर्टमध्ये बीड-नगरबद्दल एक ओळही नसेल तर तेही लिहिण्यासारखंच आहे, पन्नास लाख माणसं रस्त्यावर खडी फोडताहेत आणि मुंबईतल्या त्या ऑफिसातून काय दिसत होतं.

तिथे गेल्यावरचं जरा सांगतो म्हणजे महिन्यांचा आराखडा खरा होईल. पहिल्या दिवशी रिसर्चर कार्ड काढायचं, पेन आत नेता येत नाही, पेन्सिल आणि कोरे कागद तेच देतात, मोबाइलने फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात, पैसे पडत नाहीत. खोकी मागवायच्या वेळा ठरलेल्या असतात. मी दिवसाला चारशे-पाचशे फोटो काढत होतो आणि नंतर कुठला कागद कुठल्या खोक्यातला तेच कळेना, त्यामुळे प्रत्येक फोल्डरच्या आधी त्याच्या लेबलचा फोटो घ्या. चार महिने तिथे, महिना-दीड महिना जागतिक बँक, पंधरा दिवस शिकागो, उरलेले होस्टकडे बसून लिहिणं, असं धरलं तर नऊ महिने नीट भरतात.

बालाघाटची_लेक

आठवडा लागला उत्तर द्यायला. काकांशी दोनदा बोलले, एकूण साडेतीन तास. त्यांनी एका कामावरच्या वाटपाची रीत पहिल्यापासून सांगितली, त्यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल असं सर म्हणाले. सर आणि मी शनिवारी बसलो, पत्राचं मराठीमाध्यमदादांनी सांगितलं तसंच केलं, आणि सरांना माझ्या पहिल्या फील्डवर्कचं माझ्यापेक्षा जास्त आठवतंय हे मला माहीतच नव्हतं. आवक नंबर घेतला, सहीचं पत्र अजून यायचंय. तिघा प्रोफेसरांना ईमेल गेलेत, एकीचं उत्तर आलं, त्यांनी विचारलंय की मुलाखतीतली दोन पानं भाषांतर करून पाठवशील का. आर्काइव्हिस्टचंही आलं.

आणि पोत्याचं. सगळ्या ४० रेकॉर्डिंग परत ऐकतेय, २६ झाल्या. माझीच चूक लक्षात आली की कुणी पोत्याबद्दल बोलायला लागलं की मी मध्येच "बरं, आणि भाकरीचं काय" असं विचारून त्यांना परत भाकरीवर आणलंय. तरी तिघी बोलल्यात. पाटोद्याच्या एक आजी म्हणतात की शाळेतल्या पोत्याचं कापड चांगलं होतं, मास्तरांकडून मागून आणून थोरल्याला चड्डी शिवली, तिच्यावर मागं हातात हात दिलेलं चित्र होतं आणि पोरं त्याला चिडवायची. मिलोच्या पोत्याला काही होतं का म्हणून त्यांच्याकडे परत जाऊन आले, तर म्हणाल्या ते तागाचं, त्याच्यावर काही नव्हतं, ते अंथरायला घेतलं.

नवीन सुरुवात अशी केलीय, इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकते.

"१९७३ च्या उन्हाळ्यात पाटोदा तालुक्यातल्या एका घरात दोन प्रकारची पोती होती. एक शाळेतून आलेलं, त्यावर हस्तांदोलनाचं चित्र. दुसरं रेशन दुकानातलं, कोरं. घरातले लोक आज दोन्हींना अमेरिकेचं धान्य म्हणतात. पहिलं देणगीचं होतं आणि दुसरं विकत घेतलेलं, असा माझा कयास आहे. महाराष्ट्रातल्या ४० मुलाखती, विधानमंडळातल्या चर्चा आणि जिल्ह्यातले उरलेले कागद यांच्या आधारे मी ही पोती घरापर्यंत कशी पोचली ते लिहिते आहे. ती निघाली कशी, हे सांगणारे जुलै १९७३ पूर्वीचे कागद कॉलेज पार्क येथे आहेत आणि ते ऑनलाइन उपलब्ध नाहीत."

एवढंच झालंय. पुढचं पान महिन्यांच्या आराखड्याचं आहे, ते रविवारपर्यंत टाकते, कृपया तेही वाचाल का?